कृत्रिम रेशीम आणि कामगाराचा मेंदू

मानवनिर्मित धाग्यांचा पाठ शिकवताना आपण रेयॉनचे नाव घेतो. तो लाकडाच्या लगद्यापासून बनतो, रेशमासारखा चमकतो, म्हणून त्याला 'कृत्रिम रेशीम' म्हणत, एवढी माहिती विद्यार्थी परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या शाळांत मात्र हा पाठ पुस्तकापुरता राहत नाही. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी निघाली की पहिले स्टेशन शहाड. तेथे उल्हासनगरला लागून १९५० च्या दशकापासून सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. जवळच उल्हास नदीच्या काठी मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना होता. तो २००९ मध्ये बंद पडला. रेयॉनच्या उत्पादनाला पाणी भरपूर लागते. बारमाही नदी, रेल्वे आणि मुंबईची बाजारपेठ या तिन्ही गोष्टी येथे एकत्र मिळत होत्या. या भागातल्या वर्गात रेयॉनच्या कारखान्यात पाळी करून आलेल्या माणसाचा मुलगा किंवा नात बसलेली असणे अगदी स्वाभाविक आहे.

२३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या या कारखान्यात एका टँकरचा स्फोट झाला आणि त्यात कामगारांचा बळी गेला. बातम्यांत एका रसायनाचे नाव वारंवार आले : कार्बन डायसल्फाइड. हा द्रव पेट घेण्यास अत्यंत तत्पर असतो. त्याची वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानालाच, ठिणगीवाचून, पेटू शकते. वाफेच्या गरम नळाचा स्पर्शही त्याला पुरतो.

स्फोटाचा आवाज गावभर ऐकू जातो. याच पदार्थाचा दुसरा परिणाम मात्र वर्षानुवर्षे, आवाज न करता, माणसाच्या मेंदूवर होतो. तो परिणाम ओळखायला, मोजायला आणि शेवटी चित्रात पाहायला विज्ञानाला सुमारे दीडशे वर्षे लागली. हा लेख कोणा एका कारखान्याविषयी नाही. एका पदार्थाविषयी आणि त्याचा मेंदूवरील परिणाम शोधणाऱ्या संशोधकांविषयी आहे.

जबडा दिसतो, मेंदू दिसत नाही

याच पट्ट्यातले अंबरनाथ अनेक दशके आगपेट्यांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते. काड्यापेटीच्या उद्योगालाही एक रोग चिकटलेला होता. एकोणिसाव्या शतकात काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफेने कामगारांचे जबड्याचे हाड सडत असे. चेहरा विद्रूप होई, दुर्गंधी सुटे. पाहणाऱ्याला शंका घ्यायला जागाच नव्हती. १९०६ मध्ये बर्न येथे युरोपातील काही देशांनी पांढऱ्या फॉस्फरसविरुद्ध करार केला आणि भारतातही १९१३ च्या कायद्याने अशा आगपेट्यांवर बंदी आली. अंबरनाथचा कारखाना उभा राहिला तो त्यानंतर, १९२० च्या दशकात.

आता मेंदूचा विचार करा. तो कवटीच्या बंद पेटीत आहे. त्याला इजा झाली तर बाहेर काय दिसते? माणूस विसरू लागतो. चिडतो, रात्री दचकून उठतो, हातातले काम मंदावते, संसारातले लक्ष उडते. यांतली प्रत्येक गोष्ट दारूमुळे, वयामुळे, घरच्या भांडणामुळे किंवा 'स्वभावामुळे' होते असे म्हणता येते. सडलेल्या जबड्याला असे म्हणता येत नाही. कार्बन डायसल्फाइडचा इतिहास लांबला याचे एक मोठे कारण या फरकात आहे.

रेयॉन कसा बनतो

पुढचे समजण्यासाठी रसायनाची थोडी उजळणी करू. लाकडाच्या लगद्यात सेल्युलोज असते. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याचा सरळ धागा ओढता येत नाही. म्हणून लगदा आधी कॉस्टिक सोड्यात भिजवतात आणि मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया घडवतात. त्यातून सेल्युलोज झँथेट हा नारिंगी पदार्थ तयार होतो. 'झँथॉस' म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा; नाव त्यावरून पडले. हा पदार्थ सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळून मधासारखा दाट द्रव होतो. हाच व्हिस्कोज. तो अतिशय बारीक छिद्रांच्या तोटीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की सेल्युलोज पुन्हा मूळ रूपात येते आणि छिद्रागणिक एकेक धागा तयार होतो.

म्हणजे कार्बन डायसल्फाइड धाग्यात राहत नाही. त्याचे काम सेल्युलोजला काही काळ विद्राव्य करण्याचे. काम झाले की ते सुटे होते, आणि सोबत हायड्रोजन सल्फाइडही निघतो. सुटा झालेला वायू जातो कोठे? कुंड झाकलेले असेल आणि वायू ओढून घेण्याची सोय असेल तर नळातून बाहेर किंवा पुन्हा वापरासाठी परत. नसेल तर स्पिनिंग खात्यातल्या कामगाराच्या श्वासात. विकत घेतलेल्या रेयॉनच्या साडीमुळे नेसणाऱ्याला या रसायनाचा धोका नाही. धोका आहे तो धागा तयार होत असताना त्याच्याजवळ उभे राहणाऱ्याला. व्हिस्कोजची ही पद्धत क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये शोधली.

पॅरिसचे फुगे

कार्बन डायसल्फाइड हे विष असल्याचे मात्र त्याआधीच ठाऊक झाले होते. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी रबर थंडपणे पक्के करण्याची कृती शोधली. त्यात कार्बन डायसल्फाइड हा द्रावक लागे. पॅरिसमध्ये या कृतीने फुगे आणि पातळ रबराच्या इतर वस्तू बनवणारे छोटे कारखाने निघाले. पुष्कळसे काम कोंदट खोल्यांत चाले.

ऑग्युस्त देलपेश हे तेथील डॉक्टर. १८५६ मध्ये त्यांनी या कामगारांच्या आजाराचे वर्णन वैद्यक अकादमीपुढे मांडले आणि १८६३ मध्ये आणखी अनेक रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला. त्यांना आजाराच्या दोन अवस्था दिसल्या. पहिलीत माणूस उत्तेजित होई : बडबड, राग, विचित्र स्वप्ने. दुसरीत तो विझल्यासारखा होई : स्मरणशक्ती जाई, शब्द आठवत नसत, हातापायांतली ताकद आणि लैंगिक क्षमता कमी होई. देलपेश यांनी प्राण्यांवर प्रयोग करून हा वाफेचाच परिणाम असल्याचे दाखवले. रुग्णाची हकिकत, त्याच्या कामाची जागा आणि प्रयोगशाळेतला पडताळा या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. संशोधनाचा हा नमुना आजही विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

इंग्लंडमध्ये रबराच्या काही कारखान्यांत खिडक्यांना गज बसवत, कारण भ्रमिष्ट झालेले कामगार वरच्या मजल्यावरून उडी घेत. थॉमस ऑलिव्हर यांनी १९०२ च्या धोकादायक धंद्यांवरील ग्रंथात याची नोंद केली आहे. गज बसले म्हणजे कारण माहीत होते. उपाय मात्र वाफेवर न होता खिडकीवर झाला.

१८८८ मध्ये एक वेगळे वळण आले. मज्जाविज्ञानाचे त्या काळातले सर्वांत मोठे नाव म्हणजे पॅरिसचे झाँ-मार्तँ शार्को. त्यांनी आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत रबर कारखान्यातला एक रुग्ण दाखवला आणि त्याचा आजार हिस्टेरिया असल्याचे निदान केले. विषामुळे हिस्टेरिया उद्भवला, असे त्यांचे म्हणणे. शार्को यांनी विष नाकारले नव्हते. पण 'हिस्टेरिया' या शब्दाचा भार रुग्णाच्या मनोवृत्तीवर पडतो. मुळात दुबळ्या मनाच्या माणसालाच हा त्रास होतो, असा अर्थ त्यातून सहज निघू लागला. सदोष हवेकडचे लक्ष सदोष माणसाकडे वळले. मेंदूतली इजा दाखवण्याचे साधन नसल्यामुळे हा वाद सुटणे त्या वेळी शक्यही नव्हते.

हॅमिल्टनबाई आणि लेवी

विसाव्या शतकात रबर उद्योगातला वापर कमी झाला आणि व्हिस्कोज वाढला. युरोप, अमेरिका, जपान येथे रेयॉनचे प्रचंड कारखाने उभे राहिले. त्यांच्यासोबत जुना आजारही गेला. अमेरिकेत या विषयाला वाचा फोडली ॲलिस हॅमिल्टन यांनी. औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या त्या अग्रणी. १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात अध्यापक म्हणून नेमलेली पहिली स्त्री. वयाच्या सत्तरीला टेकलेल्या असताना त्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेयॉन कामगारांची पाहणी करवली. १९३८ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक कामगारांची तपासणी त्यात होती आणि मज्जासंस्थेची व मनाची लक्षणे मोठ्या प्रमाणावर आढळली होती.

या पाहणीत मेंदूचे एक नामवंत अभ्यासक सहभागी होते, फ्रेडरिक लेवी. हे नाव आज वेगळ्या कारणाने परिचित आहे. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत त्यांनी १९१२ मध्ये काही गोल कण वर्णिले. त्यांना 'लेवी पिंड' म्हणतात आणि स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारालाही त्यांचेच नाव आहे. लेवी ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि ते फिलाडेल्फियाला पोचले. रेयॉन कामगारांत त्यांना थरथर, ताठरपणा, मंद हालचाली दिसल्या. पार्किन्सनच्या आजाराशी मिळतीजुळती ही लक्षणे ओळखायला त्यांच्याइतका योग्य माणूस क्वचितच सापडला असता.

इटलीत एन्रिको विग्लियानी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेयॉन कामगारांचा अभ्यास केला. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे दिसू नयेत म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागत. हवा खेळेनाशी झाली आणि विषबाधेचे रुग्ण वाढले. पुढे १९५४ मध्ये विग्लियानी यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. दीर्घकाळ काम केलेल्या कामगारांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार दिसतो. म्हातारपणी रक्तवाहिन्या कठीण झाल्यावर होणारे दोष त्यांच्यात बरेच लवकर येतात. या निरीक्षणाचे महत्त्व पुढे मेंदूची चित्रे आल्यावर कळले.

तीन गट, प्रत्येकी पन्नास

चित्रे येण्याआधी आणखी एक पायरी आहे आणि ती शिक्षकांना विशेष जवळची वाटेल. तिच्यात यंत्र नाही, कागद-पेन्सिल आणि ठोकळ्यांच्या चाचण्या आहेत. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ हेलेना हॅनिनेन यांनी १९७१ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. त्यांनी पुरुषांचे तीन गट घेतले, प्रत्येकी ५० जणांचे. पहिल्या गटात विषबाधेचे निदान झालेले कामगार. दुसऱ्यात कार्बन डायसल्फाइडच्या सान्निध्यात काम करणारे पण आजारी न ठरलेले. तिसऱ्यात या रसायनाशी संबंध न आलेले.

आजारी गट चाचण्यांत मागे पडला, हे अपेक्षितच होते. त्यांचे लक्ष टिकत नव्हते, वेग कमी होता, हाताची कामे अडखळत होती. खरा बोध दुसऱ्या गटाने दिला. डॉक्टरांच्या मते निरोगी असलेल्या या माणसांतही त्याच दिशेने जाणारे, पण सौम्य, फरक दिसले. म्हणजे 'आजारी' आणि 'निरोगी' यांच्यामध्ये एक मोठा पट्टा आहे. त्यातला माणूस कामावर जातो, पगार आणतो, पण त्याची बुद्धी पूर्वीसारखी चालत नाही.

नियंत्रण गट म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा हे उदाहरण द्यावे. तिसरा गट नसता तर पहिल्या दोघांविषयी काहीच ठामपणे म्हणता आले नसते. आणि दुसरा गट नसता तर सुरुवातीच्या इजेचा पत्ताच लागला नसता. याच सुमारास फिनलंड आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांनी रेयॉन कामगारांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक असल्याचेही दाखवले.

पेटी उघडली

कवटी न उघडता मेंदू पाहण्याची पहिली धडपड फारच कष्टाची होती. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून द्रव काढून तेथे हवा भरायची आणि क्ष-किरण चित्र घ्यायचे, अशी पद्धत काढली. हवेमुळे मेंदूतल्या पोकळ्या चित्रात उमटत. पण त्यानंतर रुग्णाचे डोके दिवसेंदिवस ठणके. चालत्याबोलत्या कामगारांची अशी तपासणी घाऊक प्रमाणात करणे शक्य नव्हते आणि उचितही नव्हते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. हे सीटी स्कॅन. डोक्याभोवती अनेक कोनांतून क्ष-किरण सोडायचे आणि ते किती शोषले गेले यावरून आतील प्रत्येक बिंदूची घनता संगणकाने काढायची, हे त्याचे तत्त्व. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे साधन चुंबकीय अनुस्पंदनाचे, म्हणजे एमआरआय. यात क्ष-किरण नाहीत. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनची अणुकेंद्रके असतात. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात ती विशिष्ट रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात आणि तो प्रतिसाद आसपासच्या ऊतीनुसार बदलतो. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन एखाद्या जागी इजा झाली की तेथले पाण्याचे प्रमाण बदलते आणि चित्रात पांढरा ठिपका उमटतो. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना या कामासाठी २००३ मध्ये नोबेल मिळाले.

ही साधने रेयॉन कामगारांपर्यंत पोचली तेव्हा काय दिसले? नॉर्वेतील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक वर्षे काम केलेल्या कामगारांच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदू आक्रसल्याच्या खुणा आढळल्या. तैवानमधील डॉक्टरांना एमआरआयमध्ये मेंदूच्या श्वेत द्रव्यात आणि खोलवरच्या केंद्रकांत पांढरे ठिपके दिसले. त्यांनी याचा संबंध सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराशी लावला. विग्लियानी यांनी पन्नास वर्षांपूर्वी लक्षणांवरून केलेला तर्क असा चित्रात उतरला.

तैवानच्याच गटाने लेवी यांच्या निरीक्षणाचाही माग काढला. पार्किन्सनच्या आजारात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात आणि किरणोत्सारी खुणेच्या चित्रात त्यांची जागा फिकी दिसते. कार्बन डायसल्फाइडने पार्किन्सनसारखी लक्षणे आलेल्यांत ही जागा शाबूत दिसली. बाहेरून सारखे दिसणारे दोन आजार आतून निराळे होते.

जपानी संशोधकांनी आणखी पुढे जाऊन रेयॉन कामगारांचे काही वर्षांच्या अंतराने दोनदा एमआरआय घेतले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेथील कारखान्यांतले वायूचे प्रमाण जुन्या काळापेक्षा पुष्कळ कमी होते. तरीही सहा वर्षांत ठिपके वाढण्याची शक्यता रसायनाशी संबंध असलेल्या कामगारांत अधिक आढळली. हे कामगार रुग्णालयात आलेले नव्हते. हॅनिनेन यांचा दुसरा गट येथे चित्रात भेटतो.

कोरियाची हकिकत

शोध लागला म्हणजे माणसे वाचतात असे मात्र नाही. दक्षिण कोरियात सोल शहराजवळ वॉनजिन रेयॉन नावाचा कारखाना होता. त्याची यंत्रे जपानमधून आलेली, वापरलेली होती. १९६० च्या दशकात उत्पादन सुरू झाले. १९८८ मध्ये, सोल ऑलिंपिकच्या वर्षी, तेथील कामगारांच्या आजाराची बातमी वर्तमानपत्रात आली : पक्षाघात, बोलण्यात अडखळणे, स्मृती जाणे, मनोविकार. त्यानंतर कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कित्येक वर्षे लढा दिला. १९९३ मध्ये कारखाना बंद झाला. विषबाधा मान्य झालेल्यांची संख्या पुढे सुमारे नऊशेपर्यंत गेली. भरपाईतून त्या कामगारांसाठी रुग्णालय उभे राहिले. यंत्रे मात्र चीनला विकली गेली.

देलपेश यांच्या निबंधानंतर एकशे बत्तीस वर्षांनी हे उघड झाले. ज्ञान कमी पडले असे येथे म्हणता येणार नाही. यंत्रे एका देशातून दुसऱ्या देशात गेली, त्यांच्याबरोबर धोक्याची माहिती गेली नाही.

विष काय करते

कार्बन डायसल्फाइडचा रेणू लहान, एक कार्बन आणि दोन गंधक. तो मेदात विरघळतो, म्हणून फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत सहज जातो. त्वचेतूनही शिरतो. प्रथिनांतल्या अमिनो गटांशी त्याची क्रिया होते. चेतातंतूच्या आत आधारासाठी प्रथिनांचे बारीक दोर असतात. ते या क्रियेने एकमेकांना जखडले जातात, तंतू जागोजागी सुजतो आणि टोकाकडून मरू लागतो. हातापायांना मुंग्या येतात त्या यामुळे.

याच क्रियेतून बनणारे पदार्थ तांबे पकडून ठेवतात. डोपामाइनचे नॉरअॅड्रेनॅलिन करणाऱ्या विकराला तांबे लागते. ते मिळाले नाही तर मेंदूतल्या संदेशवाहकांचा समतोल बिघडतो. तिसरा मार्ग रक्तवाहिन्यांचा, तो वर आलाच आहे. एक छोटी गोष्ट सांगण्यासारखी आहे. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिराम हे औषध शरीरात मोडते तेव्हा थोडे कार्बन डायसल्फाइड तयार होते. म्हणून त्याच्या मात्रेवर डॉक्टरांना लक्ष ठेवावे लागते.

चित्र काय सांगते आणि काय नाही

आता कल्याण-उल्हासनगर भागातही एमआरआयची केंद्रे आहेत. मग प्रत्येक कामगाराचे चित्र काढले की प्रश्न सुटला का? येथे थोडे थांबले पाहिजे.

एमआरआयमधला पांढरा ठिपका स्वतःचे कारण सांगत नाही. वय वाढले, रक्तदाब वाढला, मधुमेह झाला, विडी-सिगारेट ओढली तरी असे ठिपके येतात. साठीच्या माणसाच्या चित्रात चार ठिपके दिसले तर ते कारखान्यातून आले की रक्तदाबातून, हे त्या एका चित्रावरून ठरवता येत नाही. चित्र इजा दाखवते, इजा करणाऱ्याचे नाव दाखवत नाही. ते नाव कळते गटांच्या तुलनेतून आणि कामाच्या इतिहासातून : किती वर्षे, कोणत्या खात्यात, हवेत प्रमाण किती. लघवीच्या तपासणीतूनही अलीकडचा संपर्क मोजता येतो, पण वीस वर्षांपूर्वीचा नाही. म्हणून हवेची नोंद त्या-त्या वेळीच करून ठेवावी लागते. ती नसेल तर पुढे कितीही महागडे यंत्र आणले तरी कामगाराला आपले म्हणणे सिद्ध करणे कठीण जाते.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारावे, असा त्यांचा सल्ला होता. स्मृती गेलेल्या निवृत्त माणसाला घेऊन घरचे डॉक्टरांकडे जातात तेव्हा हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डॉक्टरांनी विचारला नाही तर घरच्यांनी स्वतःहून सांगावे. काही आजारांवर उपचार असतात. विसरभोळेपणा हा ब-१२ जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉइडच्या कमतरतेमुळेही असू शकतो आणि तो बरा होतो. 'वय झाले' म्हणून सोडून देणे हे शार्कोच्या काळातल्या 'हिस्टेरिया'चेच नवे रूप आहे.

खरा उपाय कारखान्यातच आहे, आणि तो बराच जुना आहे : कुंडे झाकणे, वायू जेथे निघतो तेथेच ओढून घेणे, हवा नियमित मोजणे, गळती असताना योग्य मुखवटा देणे. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कार्बन डायसल्फाइडची विषबाधा कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातली होती. हवेतील मर्यादेचे आकडे जगभर खाली येत गेले. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये आपली शिफारस दशलक्ष भागांत १० वरून १ भागावर आणली. हा आकडा खाली येण्यामागे हॅनिनेन यांच्यासारख्या चाचण्यांचे आणि पुढच्या अभ्यासांचे श्रम आहेत. आता लायोसेलसारखे धागे कार्बन डायसल्फाइड न वापरता, वेगळ्या द्रावकात सेल्युलोज विरघळवून बनवतात आणि तो द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवतात. म्हणजे रसायनशास्त्राने निर्माण केलेल्या अडचणीवर रसायनशास्त्रातच दुसरी वाटही आहे.

वर्गात

रेयॉनचा पाठ शिकवताना एक तास या विषयाला देता येईल. फळ्यावर रेयॉन बनवण्याच्या पायऱ्या काढाव्यात आणि मुलांना विचारावे : यांतल्या कोणत्या पायरीला कोणता पदार्थ बाहेर पडतो आणि तो कोठे जातो? पाठ्यपुस्तकात बहुधा जे तयार होते त्याचेच नाव असते, जे सुटून जाते त्याचे नसते. दुसऱ्या तासाला मुलांनी घरी किंवा शेजारी, ज्यांची इच्छा असेल अशा मोठ्या माणसांना त्यांच्या कामात कोणते पदार्थ हाताळावे लागतात हे विचारून यावे. रंग, द्रावक, ॲसिड, डाईंग, जीन्सचे कारखाने, फर्निचरचे पॉलिश. या पट्ट्यात यादी मोठी होईल. माणसांची नावे लिहू नयेत, पदार्थांची लिहावीत. मग एकेका पदार्थाच्या पिंपावरची सूचना शोधून वाचावी.

यातून कोणाच्या पोटावर पाय येऊ नये ही काळजी शिक्षकाने घ्यायलाच हवी. ज्या कामावर घर चालते त्याबद्दल मुलाच्या मनात लाज किंवा भीती बसवणे हा हेतू नाही. आपले आईवडील काय हाताळतात, हे मुलाला नावानिशी माहीत असावे आणि ते नाव पुढे कधी डॉक्टरांसमोर सांगता यावे, एवढे साधले तरी तो तास सार्थकी लागला.